लाल गाडीचे रिव्हेट

मुखेडला रेल्वे नाही. नवखा माणूस तिकिटाच्या खिडकीवर हमखास फसतो, कारण नांदेडजवळचे जंक्शन आहे ते मुदखेड. मुखेड हे त्याच जिल्ह्याच्या दक्षिणेकडचे, कर्नाटकाच्या हद्दीजवळचे तालुक्याचे गाव. मुखेड, जांब, बाऱ्हाळी, मुक्रमाबाद या भागातल्या माणसाला कॉलेज, कचेरी, दवाखाना किंवा लग्नकार्य गाठायचे तर पिढ्यान्‌पिढ्या एकच वाहन होते. ते म्हणजे एसटी.

ज्यांनी १९७०, १९८० वा १९९० च्या दशकात या रस्त्यांवरून प्रवास केला असेल, त्यांनी एक आवाज नक्की ऐकला असेल. गाडी खड्ड्यात गेली की इंजिनाच्या घरघरीवर मात करून पत्र्याचा खडखडाट उठत असे. कुठला पत्रा वाजतो आहे हे नेहमीच्या प्रवाशाला ठाऊक असे. गाडी थांबल्यावर त्या जागी पाहिले, तर पत्र्यावरच्या गोल टिकल्यांच्या ओळीतील एखादी टिकली नाहीशी झालेली किंवा तिच्याभोवती काळपट डाग पडलेला दिसे.

ती टिकली म्हणजे रिव्हेट. कारखान्यातल्या बोलीत ‘रिपीट’. या लहानशा वस्तूचा इतिहास आपण पाहणार आहोत. जुन्या गाडीचे निखळलेले रिव्हेट बदलायचे म्हणजे काय करायचे, ते तसेच का करायचे आणि तसे केले नाही तर काय हरवते, हे प्रश्न वाटतात तेवढे किरकोळ नाहीत.

अडकित्ता आणि काहील

रिव्हेट ही काही साहेबाने आणलेली नवलाई नव्हे. घरातला अडकित्ता, कात्री, लोहाराची सांडशी घ्या. दोन पाती एका जागी धरून ठेवणारी, पण त्यांना फिरू देणारी जी ठोकलेली खीळ असते, ती रिव्हेटच. उसाच्या गुऱ्हाळातली जुनी काहील पाहिली तर तळाचे आणि कडेचे पत्रे एकावर एक ठेवून ठोकलेल्या खिळ्यांची रांग दिसेल.

अडकित्त्यातले रिव्हेट पात्यांना फिरू देते आणि काहिलीतले पत्र्यांना हलू देत नाही, हे कसे? वर्गात करून पाहता येईल. पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या एकावर एक ठेवून एकच टाचणी आरपार घाला. पट्ट्या कात्रीसारख्या फिरतील. आता थोड्या अंतरावर दुसरी टाचणी घाला. फिरणे बंद! एक रिव्हेट बिजागरी होते, दोन रिव्हेटे सांधा होतात. बसच्या अंगावर रिव्हेटांच्या रांगा का असतात याचे पहिले उत्तर इथेच मिळते. रांगेतले एखादे निखळले तर त्याचा भार शेजारच्यांवर पडतो. शेजारची ढिली झाली की पत्रा फिरू लागतो, आणि वाजूही लागतो.

रिव्हेटाची रचना अगदी साधी. एका टोकाला तयार डोके आणि त्याखाली सरळ दांडा. दांडा दोन्ही पत्र्यांच्या भोकांतून आरपार घालायचा, डोक्यामागे जड लोखंडी ठोकळा धरायचा आणि मोकळे टोक ठोकून त्याचेही डोके करायचे. असे ठोकताना दांडा लांबीने घटतो, म्हणून जाडीने वाढतो आणि भोक गच्च भरून टाकतो. स्क्रू किंवा बोल्ट भोकात सैल राहू शकतो. नीट ठोकलेले भरीव रिव्हेट भोकाला चिकटूनच बसते. त्याचे खरे बळ यात आहे.

तापवून ठोकण्याचे युग

एकोणिसाव्या शतकात वाफेचे बाष्पित्र, आगगाडीचे पूल आणि लोखंडी जहाजे आली आणि रिव्हेटाला मोठे दिवस आले. ही रिव्हेटे लालबुंद तापवून ठोकत. गार होताना दांडा आकुंचन पावतो आणि दोन्ही डोकी पत्र्यांना शिकंज्यासारखी आवळून धरतात. बाष्पित्रातून वाफ गळू नये यासाठी हे आवळणे फार मोलाचे होते. इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या विल्यम फेअरबर्नने १८३८ च्या सुमारास रिव्हेट ठोकण्याचे यंत्र बनवले. त्याला निमित्त झाले ते बाष्पित्र बनवणाऱ्या कामगारांच्या संपाचे. यंत्राच्या इतिहासात माणसांचे झगडे असे लपलेले असतात.

पॅरिसचा आयफेल मनोरा १८८७ ते १८८९ या काळात उभा राहिला. त्याचे १८,०३८ भाग जोडायला सुमारे २५ लाख रिव्हेटे लागली. एक रिव्हेट बसवायला चार माणसांची टोळी लागे. एक तापवणारा, एक डोके धरून ठेवणारा, एक घाट देणारा आणि एक घण मारणारा. टोळीतला एक जरी चुकला तरी रिव्हेट वाया जाई.

मोटारीच्या किंवा बसच्या पातळ पत्र्याला मात्र ही रीत चालत नाही. तिथे धातू वेगळा, म्हणून ठोकण्याचे शास्त्रही वेगळे.

निजामाच्या ॲल्बियन गाड्या

आता आपल्या मुलखात येऊ. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात, पुढे हैदराबाद राज्यात होता. संस्थानाने १९३० मध्ये रेल्वे खासगी कंपनीकडून आपल्या ताब्यात घेतली आणि जून १९३२ मध्ये याच निजाम स्टेट रेल्वेने रस्ता वाहतुकीचे खाते उघडले. सुरुवात २७ गाड्या आणि १६६ नोकरांवर झाली. सरकारी मालकीची प्रवासी मोटार वाहतूक चालवण्याचा भारतातला हा अगदी आरंभीचा प्रयत्न.

रेल्वेने बसगाड्या का चालवाव्यात? नकाशा पाहिला की उत्तर सापडते. उत्तरेला मनमाड–नांदेड–हैदराबाद हा गोदावरी खोऱ्यातला मार्ग आणि दक्षिणेला बिदर–उदगीर–परळी हा मार्ग. मधला मोठा पट्टा रुळांवाचून कोरडा. मुखेड याच पट्ट्यात येते. रूळ टाकणे परवडत नाही अशा ठिकाणी मोटार हाच रेल्वेचा लांब केलेला हात.

संस्थानाच्या गाड्यांत स्कॉटलंडमधील ग्लासगोच्या ॲल्बियन कंपनीच्या गाड्या होत्या. १८९९ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीची खूण उगवत्या सूर्याची. ‘सूर्योदयाइतकी खात्रीची’ असे तिचे ब्रीद होते. पुढे १९५१ मध्ये ती लेलँड कंपनीत विलीन झाली. १९३२ ची एक ॲल्बियन गाडी हैदराबादच्या बस भवनात जपून ठेवलेली आहे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळातली सरकारी गाडी पाहायची असेल, तर मराठवाड्यातल्या शाळेच्या सहलीने हैदराबादला गोवळकोंडा आणि चारमिनारबरोबर हेही ठिकाण पाहावे.

त्या काळातील बसगाड्यांची अंगे बहुधा लाकडी सांगाड्याची असत. सांगाड्यावर पत्रा खिळ्यांनी आणि स्क्रूंनी बसवत. पण गाडीच्या पोटाखालचा पोलादी सांगाडा, म्हणजे चासी, रिव्हेटांनी जोडलेली असे. आजही अनेक मालमोटारींच्या चासीच्या लांब तुळया आणि आडव्या पट्ट्या रिव्हेटांनीच जोडतात. खडबडीत रस्त्यावर चासी पिळवटते. वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्याजवळचे पोलाद बदलते आणि वारंवार पिळवटल्यास तिथे तडा जाण्याची भीती असते. रिव्हेटाच्या सांध्यात हा धोका कमी. शिवाय एखादी पट्टी खराब झाली तर रिव्हेटे काढून तेवढीच बदलता येते.

दोन राजवटी, एक गाडी

१ जून १९४८ रोजी अहमदनगर ते पुणे अशी एसटीची पहिली गाडी धावली. तो होता मुंबई प्रांत. तेव्हा मुखेड निजामाच्या राज्यात होते आणि रझाकारांच्या जुलमाखाली होरपळत होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. राज्य बदलले तशी गाडीवरची पाटी बदलली. संस्थानी वाहतुकीचा मराठवाड्यातला वारसा एसटीत मिसळून गेला.

एसटीच्या सुरुवातीच्या गाड्यांचीही अंगे लाकडाचीच होती आणि बाकांवर काथ्याच्या गाद्या होत्या. गाड्या तरी किती जातींच्या! शेव्हरले, फोर्ड, बेडफर्ड, स्टुडबेकर, मॉरिस, लेलँड, आणि ॲल्बियनसुद्धा. पुढे देशातच चासी बनू लागल्या. जमशेदपूरला टाटांचा मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने बनलेला पहिला ट्रक १९५४ मध्ये बाहेर पडला. मद्रासजवळ एन्नोरला अशोक मोटर्सचे १९५५ मध्ये अशोक लेलँड झाले. एसटी कारखान्यातून नुसती चासी घेई आणि तिच्यावर अंग चढवी आपल्याच कार्यशाळांत. पुण्याजवळ दापोडी, औरंगाबादेत (आताच्या छत्रपती संभाजीनगरात) चिकलठाणा आणि नागपूरजवळ हिंगणा. मराठवाड्यातल्या कितीतरी तरुणांनी आयटीआयमध्ये पत्रेकामाचा धंदा शिकून एसटीत उमेदवारी केली. लाल गाडीच्या अंगावरची रिव्हेटांची रांग ही त्यांच्या हाताची सही होती.

लाकूड जाऊन धातूचे अंग आले ते मात्र एका लांबच्या वाटेने. ती वाट आकाशातून येते.

शनिवारी मऊ, सोमवारी कठीण

शुद्ध ॲल्युमिनियम हलके खरे, पण मऊ. १९०६ मध्ये जर्मन धातुशास्त्रज्ञ आल्फ्रेड विल्म ॲल्युमिनियममध्ये थोडे तांबे आणि मॅग्नेशियम मिसळून प्रयोग करत होता. मिश्रधातू तापवून त्याने पाण्यात विझवला. पोलाद असे विझवले की लगेच कठीण होते. हा मात्र मऊच राहिला. शनिवार उजाडला होता, म्हणून उरलेली मापे त्याने सोमवारवर टाकली असे सांगतात. सोमवारी पाहतो तर तोच तुकडा कठीण झालेला! नुसते पडून राहिल्याने धातू कठीण होतो, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हते. या मिश्रधातूला पुढे ड्युरॅल्युमिन हे नाव मिळाले. तांब्याचे अणू हळूहळू एकत्र येऊन अतिसूक्ष्म पुंजके बनवतात आणि धातूच्या थरांना एकमेकांवरून घसरू देत नाहीत, हे कारण १९३८ मध्ये गिनिए आणि प्रेस्टन या दोघा संशोधकांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले.

याचा रिव्हेटाशी संबंध असा. काही मजबूत मिश्रधातूंची रिव्हेटे तापवून विझवल्यावर थोडाच वेळ मऊ असतात. तेवढ्यात ठोकली तर ठीक, नाही तर ती कठीण होऊन ठोकताना तडकतात. म्हणून विमानाच्या कारखान्यांत ती विझवल्याबरोबर बर्फापेक्षाही थंड पेटीत ठेवतात. थंडीत अणूंची हालचाल मंदावते आणि कठीण होणे लांबणीवर पडते. पेटीतून काढायचे आणि लगोलग ठोकायचे. इकडे लोहाराचे रिव्हेट भट्टीतून निघते आणि विमानाचे बर्फातून.

विमानाचे हे कसब आपल्याकडे आणण्यात सोलापूरच्या मातीतल्या माणसाचा वाटा आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये बंगलोरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी काढली. महायुद्ध संपल्यावर विमानांची कामे आटली तेव्हा या कारखान्याने आगगाडीचे डबे आणि बसची अंगे बनवली. विमानाचा पत्रा जोडणाऱ्या हातांनी बसचा पत्रा जोडला.

पण मुळात ॲल्युमिनियम वेल्डिंगने का जोडत नसत? हा धातू ६६० अंश सेल्सियसला वितळतो, पण त्याच्यावरची ऑक्साइडची पातळ साय वितळायला २,००० अंशांहून अधिक तापमान लागते. साय फुटेपर्यंत खालचा पातळ पत्रा वाहून जातो. शिवाय उष्णतेने पत्रा वेडावाकडा होतो. गार ठोकायच्या रिव्हेटाला यांपैकी कुठलीच अडचण नाही.

जुने रिव्हेट काढताना

समजा, पन्नास-साठ वर्षांची एखादी गाडी आपल्यासमोर आहे आणि तिच्या पत्र्याची रिव्हेटे बदलायची आहेत. चांगला कारागीर हातोडा उचलण्यापूर्वी डोळे, कान आणि बोटे वापरतो. डोक्यावर हलकेच टिचकी मारली की घट्ट रिव्हेट खणखणीत बोलते, ढिले बद्द वाजते. ढिल्या रिव्हेटाखाली काळपट ओघळ दिसतो. पत्रा आणि रिव्हेट एकमेकांवर घासून झालेली ती धातूची पूड. लोखंडी रिव्हेट असेल तर ओघळ तांबूस. हा डाग म्हणजे गाडीने स्वतः लिहून ठेवलेली तक्रारच.

मग नोंद. डोके गोल आहे, बसके आहे की पत्र्याच्या पातळीत बसवलेले आहे? दांड्याचा व्यास किती? दोन रिव्हेटांमधले अंतर किती? चुंबक चिकटतो का? चित्र काढून ही मापे लिहिल्याखेरीज काहीही काढायचे नाही. एकदा काढलेले पुन्हा पाहता येत नाही, हे उत्खनन करणाऱ्या पुरातत्त्वज्ञाइतकेच इथेही खरे.

नवखा माणूस छिन्नी घेऊन डोके बाजूने उडवू पाहतो. पातळ पत्र्यावर असे केले की भोक फाटते. योग्य रीत वेगळी आहे. तयार डोक्याच्या मध्यावर पंचने खूण करायची. दांड्याच्या व्यासाचेच ड्रिल लावून फक्त डोक्याच्या जाडीइतके भोक पाडायचे, खालच्या पत्र्याला ड्रिल लागू द्यायचे नाही. डोके टोपीसारखे सुटून येते. मग मागच्या बाजूला आधार देऊन उरलेला दांडा बारीक पंचने बाहेर ठोकायचा. एका वेळी सगळी रांग काढायची नाही. एकाआड एक काढायचे आणि रिकाम्या भोकांत तात्पुरते नटबोल्ट घालायचे, नाही तर पत्रा सरकतो आणि भोके जुळत नाहीत.

भोक लांबट झाले असेल तर तिथे जुन्याच मापाचे रिव्हेट घट्ट बसत नाही. मग भोक गोल करून पुढच्या मापाचे रिव्हेट घालावे लागते, किंवा पत्र्याला मागून जोड द्यावी लागते. मोठे भोक म्हणजे कडेला कमी पत्रा. भोकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत निदान दांड्याच्या दुप्पट अंतर आणि दोन रिव्हेटांत निदान तिप्पट अंतर असावे, असा ठोकताळा आहे. हे राहिले नाही तर रिव्हेट टिकते पण पत्राच फाटतो.

नवे ठोकताना

दांडा किती लांब घ्यावा? दोन्ही पत्र्यांची जाडी अधिक दांड्याच्या व्यासाची दीडपट. समजा १.२ मि.मी. जाडीचे दोन पत्रे आणि ४ मि.मी. व्यासाचे रिव्हेट आहे. मग लांबी २.४ + ६ = ८.४ मि.मी. ठोकून झालेले डोके निदान दीडपट रुंद, म्हणजे ६ मि.मी., आणि निदान अर्ध्या व्यासाइतके, म्हणजे २ मि.मी. उंच असावे.

नियम पाठ करण्यापेक्षा तो तपासणे चांगले. विद्यार्थ्यांना हे गणित द्यावे. ठोकल्याने धातूचा आकार बदलतो, आकारमान बदलत नाही. बाहेर आलेल्या ६ मि.मी. दांड्याचे आकारमान सुमारे ७५ घन मि.मी. भोक ४.१ मि.मी.चे असेल तर ते भरण्यात जेमतेम दीड घन मि.मी. जाईल. उरलेल्या धातूचे ६ मि.मी. रुंदीचे डोके केले तर त्याची उंची सुमारे २.६ मि.मी. येते. म्हणजे दीडपटीचा नियम थोडा हात राखून केलेला आहे. वर्षानुवर्षे ठोकून कारागिरांनी गाठलेला आकडा आपल्या दंडगोलाच्या सूत्राने असा पडताळता येतो.

हे काम दोघांचे. बाहेरचा माणूस डोक्यावर ‘स्नॅप’ नावाची खोलगट तोंडाची मूठ ठेवून ठोकतो. आतला माणूस ‘डॉली’ म्हणजे जड ठोकळा दांड्याला टेकवून धरतो. मधल्या पत्र्यामुळे दोघांना एकमेकांचे तोंड दिसत नाही आणि आवाजात बोलणे ऐकू येत नाही. विमानाच्या कारखान्यांत यासाठी टिचक्यांची भाषा ठरलेली असे. आतल्याने पत्र्यावर एक टिचकी दिली की ‘अजून ठोक’, दोन दिल्या की ‘जमले’, तीन दिल्या की ‘बिघडले, काढ’.

घाव मोजके आणि दमदार हवेत. पुष्कळ हलके घाव घातले तर डोके तयार होण्याआधीच धातू कठीण होऊन तडकतो. हेही वर्गात दाखवता येईल. तांब्याची जाडशी तार लाल होईपर्यंत तापवून गार करा. ती सहज वाकते. आता तीच तार पुन्हा पुन्हा मागेपुढे वाकवा. दर वेळी जोर अधिक लागेल आणि शेवटी ती तुटेल. पुन्हा तापवली असती तर पुन्हा मऊ झाली असती. तापवून मऊ करण्याच्या या क्रियेला अनुशीतन म्हणतात. तांबट भांडे ठोकता ठोकता मधूनच ते भट्टीत का घालतो, हेही यातून कळेल.

आणखी एक शत्रू असतो. तो म्हणजे दोन वेगळे धातू आणि ओल. ॲल्युमिनियमचा पत्रा लोखंडी सांगाड्याला टेकला आणि मध्ये चिखलाचे खारट पाणी शिरले की लहानसा विद्युत् घट तयार होतो आणि ॲल्युमिनियम झिजू लागते. पत्र्याखाली पांढरी भुकटी साठून तो फुगतो आणि रिव्हेटांवर ताण येतो. जुन्या बसचे खालचे, चाकांजवळचे पत्रे आधी का जात, याचे हे एक मोठे कारण. म्हणून नवे रिव्हेट ठोकण्यापूर्वी सांधा स्वच्छ करून मध्ये रंगाचा किंवा लेपाचा थर देतात. मिठाच्या पाण्याचे तीन पेले घ्या. एकात नुसता लोखंडी खिळा, दुसऱ्यात तांब्याची तार गुंडाळलेला, तिसऱ्यात जस्ताची पट्टी बांधलेला. आठवडाभराने कोणता खिळा किती गंजला ते विद्यार्थ्यांनाच सांगू द्या.

सोपी वाट

इथे कुणी विचारेल, एवढा खटाटोप कशाला? पॉप रिव्हेट मारून मोकळे का होऊ नये? हॅमिल्टन वायली याने १९१६ मध्ये पेटंट मागितलेली ही कल्पना खरोखर हुशारीची आहे. रिव्हेट पोकळ, मधून एक तार. हातातल्या पकडीने तार ओढली की आतले टोक फुगते आणि तार तुटते. आत डॉली धरणारा नको, दोन माणसे नकोत. जिथे आत हात पोचतच नाही तिथे याला तोड नाही.

पण पोकळ रिव्हेट भरीवाइतके भोक भरत नाही. सारख्याच मापाचे, सारख्याच धातूचे असताना ते कमी भार सोसते. मधल्या भोकातून पाणी शिरू शकते. आणि जुन्या गाडीच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ते खोटे बोलते. भरीव डोक्यांच्या रांगेत मधे भोक असलेली टिकली आली की, हा पत्रा कुणी, कसा आणि किती जणांनी बसवला होता, ही माहिती पुसली जाते.

हा केवळ हौशी लोकांचा हट्ट नाही. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये जुन्या ठेवणीतल्या वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली, मूळ रूपात राखलेली, चासी, अंगाचा सांगाडा वा इंजिन यांत बदल न केलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. अशा गाडीच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. मूळ रूप म्हणजे काय, याचे उत्तर शेवटी अशा लहान सांध्यांतच शोधावे लागते.

मात्र या नियमाची एक बाजू आम्हाला बोचते. तो दुचाकी आणि खासगी मोटारींपुरता आहे. बस त्यात बसत नाही. दुसरीकडे, सरकारी मालकीच्या पंधरा वर्षांवरील वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून रद्द करण्याचा नियम झाला, आणि त्यात परिवहन महामंडळांच्या गाड्याही आल्या. धूर ओकणाऱ्या, थकलेल्या गाड्या रस्त्यावरून जाव्यात हे योग्यच. एसटीनेही गेल्या दशकात ॲल्युमिनियमची अंगे सोडून अधिक मजबूत अशा पोलादी अंगांचा मार्ग धरला. अपघातात प्रवासी वाचावेत हा त्यामागचा हेतू आहे, आणि त्याला कुणी नाव ठेवू नये. प्रश्न वेगळाच आहे. संस्थानिकांच्या आणि शेठजींच्या मोटारी नियमाने जपल्या जातील, पण मुखेडच्या मुलीला पहिल्यांदा कॉलेजात नेणारी गाडी भंगारात वितळेल. उद्याच्या विद्यार्थ्याला विसाव्या शतकातला महाराष्ट्र कसा फिरत होता हे पाहायचे असेल, तर त्याला मोजक्या लोकांचीच वाहने दिसतील.

आपण काय करू शकतो

बस जपणे शाळेच्या आवाक्यातले नाही. पण बसचे ज्ञान जपणे आहे. आगारांच्या आणि कार्यशाळांच्या गावांत निवृत्त पत्रेकारागीर राहतात. त्यांना शाळेत बोलवावे. मुलांनी त्यांना विचारावे. रिव्हेट बसले हे कानाला कसे कळते? डॉली धरणाऱ्याचे हात का दुखतात? शिकताना पहिले रिव्हेट किती वेळा काढावे लागले? उत्तरे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावीत. ‘रिपीट’ म्हणाले तर ‘रिपीट’च लिहावे. त्यांच्या पेटीतले स्नॅप, डॉली, पंच यांची मापासह चित्रे काढावीत. गुऱ्हाळातली काहील, घरातला अडकित्ता आणि भंगारवाल्याकडचा बसचा पत्रा शेजारी ठेवून तिन्हींतली रिव्हेटे तपासावीत. विज्ञान आणि इतिहास हे दोन तास एकाच टेबलावर होतील.

आम्हाला वाटते, एखाद्या प्रदेशाचा इतिहास जसा सनावळीत असतो तसा सांध्यांतही असतो. निजामाची गाडी गेली, लाल गाडी आली, तिचेही अंग बदलले. दर बदलात कुणीतरी आत बसून डॉली धरली होती आणि कुणीतरी बाहेरून घाव घातले होते. आतल्या माणसाचे नाव कुठल्याच कागदावर नाही. त्याने पत्र्यावर दिलेल्या दोन टिचक्या ऐकू येण्याइतका वेळ अजून आपल्या हातात आहे.